दगा देणारा आधी मित्र असू द्या

दिवाळी अंकांसाठी आलेल्या रहस्यकथा वाचण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. पावसाळ्यात हस्तलिखितांचे गठ्ठे येऊ लागतात आणि त्यांत मित्राने मित्राचा गळा कापल्याच्या कथा हमखास असतात. विषय उत्तम आहे. तरीही यातल्या बहुतेक कथा एकाच जागी कोसळतात. दगा होतो, रक्त सांडते, पण वाचकाचे काहीच जात नाही, कारण मोडलेली मैत्री त्याने कधी पाहिलेलीच नसते. नव्याने लिहिणाऱ्यांनी ही चूक करू नये, यासाठी ही यादी.

करावे: आधी मैत्री लिहावी, आणि भरपूर लिहावी.

कादंबरी दोनशे पानांची असेल तर पहिली साठ-सत्तर पाने मैत्रीला द्यावीत. तेवढ्या पानांत काही घडत नाही, अशी भीती बाळगू नये. एकाच सायकलवर दोघे, एकाची फी दुसऱ्याने भरलेली, एकाच्या वडिलांच्या अंत्यविधीला दुसऱ्याने धरलेले मडके, हे सगळे घडणेच आहे. पुढे दगा होईल तेव्हा वाचक याच पानांची किंमत मोजणार असतो.

आपल्याकडचा सर्वांत जुना नमुना द्रोण आणि द्रुपद यांचा. भरद्वाजांच्या आश्रमात दोघे बरोबर खेळले, बरोबर शिकले. मी राजा झालो की राज्य तुझेही, असा शब्द द्रुपदाने दिला. पुढे द्रोणांच्या घरी दारिद्र्य आले. दूध मागणाऱ्या लहानग्या अश्वत्थाम्याला इतर पोरांनी पाण्यात कालवलेले पीठ दिले आणि दूध प्यायलो म्हणून तो नाचू लागला. ते पाहून द्रोण पांचालात गेले. राजाने ओळख नाकारली. मैत्री बरोबरीच्यांत असते, असे त्याने भर दरबारात ऐकवले. या प्रसंगात एकही शस्त्र उपसले जात नाही. तरी पिठाचे पाणी आधी पाहिलेले असल्यामुळे दरबारातला तो अपमान वाचकाला स्वतःचा वाटतो. सगळी करामत क्रमात आहे: आधी आश्रम, मग शब्द, मग पीठ, मग दरबार. ‘जुन्या मित्राने अपमान केला’ एवढेच व्यासांनी सांगितले असते तर कुरुक्षेत्रापर्यंत पोचलेला एक मोठा धागा तिथेच तुटला असता.

टाळावे: ‘ते दोघे जीवश्चकंठश्च मित्र होते’ हे वाक्य.

हे वाक्य लिहावेसे वाटले तर त्याच्या जागी एक प्रसंग लिहावा. प्रसंग सुचत नसेल तर लेखकालाच ते दोघे अजून भेटलेले नाहीत.

करावे: मैत्रीत एक कागद ठेवावा.

आपल्या गावांत आणि शहरांत विश्वासघात बहुधा कागदावरच होतो. पतसंस्थेच्या कर्जाला मित्र जामीनदार राहतो. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, हे १८७२ च्या करार कायद्यातले कलम त्याला कोणी सांगितलेले नसते. कर्जदार गाव सोडतो आणि वसुलीची नोटीस जामीनदाराच्या दारावर चिकटते. दुसरा नमुना कुलमुखत्यारपत्राचा. मुंबईत नोकरीला असलेला माणूस गावच्या जमिनीचे सगळे व्यवहार मित्राच्या हाती सोपवतो. मुखत्यारपत्र साधारणपणे देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. आता समजा, त्या कागदाच्या आधाराने झालेल्या खरेदीखतावरची तारीख मृत्यूच्या दुसऱ्या दिवसाची आहे आणि ते खत विधवा बहिणीच्या हाती लागले आहे. पिस्तूल लागत नाही, परदेशी बँक लागत नाही. सातबाऱ्यावरच्या एका फेरफाराने घाम फुटतो.

भिशी, भागीदारीतले यंत्रमाग, दोघांच्या नावावर घेतलेला गाळा, गृहनिर्माण संस्थेतला एकच फ्लॅट दोघांना विकणे, असे किती तरी विषय पडून आहेत. तरीही हस्तलिखितांतले मित्र हिऱ्यांच्या तस्करीसाठीच भांडतात. लेखकाने आपल्या आजूबाजूला पाहावे.

करावे: दग्याचे कारण लहान ठेवावे.

मोठ्या कारणासाठी दगा देणारा माणूस वाचकाला लांबचा वाटतो. लहान कारण त्याच्या घरातले असते. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त इयागोच्या मनातली पहिली सल बढतीची आहे, हुद्दा त्याला न मिळता दुसऱ्याला मिळाला. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये याच नाटकाचे ‘झुंजारराव’ केले आणि मराठी प्रेक्षकांना ते परके वाटले नाही. एक हुद्दा आणि एक हातरुमाल, एवढ्या भांडवलावर अख्खे घर जळते.

अलेक्सांद्र द्यूमाची ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ १८४४ ते १८४६ या काळात पॅरिसच्या वर्तमानपत्रात क्रमशः आली. सुडाची कादंबरी लिहू पाहणाऱ्याने तिचा सुरुवातीचा भाग पेन्सिल हातात घेऊन वाचावा. एकोणीस वर्षांचा एडमंड दांतेस जहाजाचा कप्तान होणार म्हणून त्याच जहाजावरचा हिशेबनीस दांग्लार जळतो. दांतेसची वाग्दत्त वधू मर्सिडीस आपल्याला हवी म्हणून फर्नांद जळतो. दांग्लार गुत्त्यात बसून डाव्या हाताने निनावी पत्र लिहितो आणि गंमत केली असे दाखवून चुरगाळून टाकतो. ते उचलून रवाना करतो तो फर्नांद. म्हणजे लिहिणारा एक, पाठवणारा दुसरा, आणि प्रत्येकाला मनातल्या मनात निम्मे निर्दोष ठरता येते.

पण माझा जीव अडकतो तो त्या टेबलावरच्या तिसऱ्यात, शेजारी काद्रूसमध्ये. तो दारूच्या नशेत हे सगळे पाहतो. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर असताना, मित्राला शिपाई घेऊन जातात तेव्हा, बोलावेसे वाटूनही तो गप्प बसतो. आपल्या कथांत पत्र लिहिणारे पुष्कळ आहेत. काद्रूस मात्र सापडत नाही. एका मित्राने दगा दिला आणि दुसऱ्याने तो पाहून मान खाली घातली, अशी कथा कोणी लिहून पाठवली तर मी ती गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवीन.

टाळावे: पहिल्या भेटीपासून खलनायक दिसणारा मित्र.

तिरके हसणे, थंड डोळे, एकट्याने ओढलेली सिगारेट, हे सगळे काढून टाकावे. दगा देणारा माणूस कथेतला सर्वांत उपयोगी मित्र असावा. रात्री दोन वाजता हॉस्पिटलात धावत येणारा, रक्त देणारा. त्याचा तो चांगुलपणा खरा असावा, नाटक नसावे. चांगुलपणा खोटा होता असे शेवटी सांगितले की गणित सुटते आणि माणूस हातचा जातो.

करावे: गुपित कोणापासून ठेवायचे, हे पहिले पान लिहिण्याआधी ठरवावे.

दोन वाटा आहेत. दगाबाज कोण हे वाचकापासून लपवायचे, किंवा वाचकाला सांगून मित्रांपासून लपवायचे.

श्रीराम राघवन यांच्या ‘जॉनी गद्दार’ने (२००७) दुसरी वाट घेतली. पाच भागीदार प्रत्येकी पन्नास लाख काढतात आणि अडीच कोटींचा व्यवहार ठरतो. पैसे कोण पळवणार हे प्रेक्षकाला लवकरच कळते. मग आपण दोन तास त्या तरुणाबरोबर घाम गाळतो. तो जुन्या भागीदारांच्या घरी बसतो, त्यांच्याकडून धीर घेतो, आणि प्रत्येक चहाचा कप आपल्याला विषासारखा वाटतो. मैत्रीच्या कथेला ही वाट फार मानवते, कारण तिच्यात मित्राचा चेहरा आणि त्याचे पाप एकाच वेळी दिसतात.

पहिली वाट घ्यायची तर आयरा लेविनची ‘अ किस बिफोर डाइंग’ (१९५३) पाहावी. पहिला सगळा भाग खुन्याच्या बाजूने चालतो, पण त्याचे नाव येत नाही. दुसऱ्या भागात काही तरुण समोर येतात तेव्हा वाचकाला त्याच्या मनाचा कानाकोपरा ठाऊक असतो, पण तो कोणता हे ठाऊक नसते. ‘बाजीगर’ची (१९९३) मुळे याच कादंबरीत आहेत.

टाळावे: अर्ध्यावर वाट बदलणे. पहिल्या शंभर पानांत ज्याच्या मनात वाचकाला बसवले, त्यानेच खून केल्याचे शेवटी उघड करायचे, आणि मधल्या काळात त्याच्या मनात त्याचा विचारसुद्धा आला नाही असे दाखवायचे, ही फसवणूक आहे. वाचकाला फसवावे, पण त्याच्यासमोर ठेवलेल्या खऱ्या वस्तूंनी.

करावे: ‘तू’ आणि ‘तुम्ही’ जपून वापरावे.

मराठी लेखकाच्या हाती असलेले हे हत्यार फार थोडे जण वापरतात. वीस वर्षे ज्याला ‘अरे दिन्या’ म्हटले, त्याला एके दिवशी बँकेच्या पायरीवर ‘दिनकरराव, तुम्ही या उद्या’ म्हटले, की मैत्री संपली. आणखी एकही वाक्य लागत नाही. उलटेही करता येते. ज्याला सगळे गाव ‘साहेब’ म्हणते, त्याला सूड घ्यायला आलेला माणूस दारातूनच ‘ए बाळ्या’ अशी हाक मारतो आणि साहेबांच्या हातातला चहा हिंदकळतो.

सुहास शिरवळकरांनी एकीकडे दारा बुलंद, अमर विश्वास, मंदार पटवर्धन यांच्या थरारकथा लिहिल्या आणि दुसरीकडे ‘दुनियादारी’ लिहिली. कट्ट्यावरची मुले एकमेकांशी कशी बोलतात, शिवी आणि माया एकाच श्वासात कशी येते, हे त्यांच्याकडून शिकावे. बोलता बोलता एकमेकांना ‘मित्रा’ म्हणणारे मित्र मी प्रत्यक्षात फार कमी पाहिले. ते ‘भावा’ म्हणतील, ‘गड्या’ म्हणतील, ‘येड्या’ म्हणतील. गाव कोणते, त्यावर ते ठरते.

टाळावे: सूड घेणाऱ्याचे भाषण. पिस्तूल रोखून पानभर बोलणारा माणूस पिस्तूल हिसकावून घ्यायला वेळ देतो, एवढेच वाचकाच्या मनात येते.

करावे: कायद्याची तारीख पाहावी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्या दिवसानंतर घडलेल्या खुनाला कलम १०३ लागते, ३०२ नव्हे. फसवणुकीचे जुने ४२० आता ३१८ मध्ये गेले. लोकांच्या तोंडी ‘चारसोबीस’ राहीलच आणि कथेतल्या लोकांच्या तोंडीही राहू द्यावा, पण फौजदाराने एफआयआरमध्ये योग्य कलम लिहावे. गुन्हा आधी घडून आता उघडकीस आला असेल तर भारतीय दंड विधानच लागते. जुन्या पापाच्या कथेत हा तपशील हमखास चुकतो.

अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. मात्र कोठडीत असताना त्याने दिलेल्या माहितीवरून सुरा विहिरीतून निघाला, तर माहितीचा तेवढा भाग चालतो. म्हणूनच पंच लागतात आणि पंचनामा लागतो. शेवटच्या प्रकरणात खुनी पोलीस ठाण्यात सगळे कबूल करतो आणि खटला संपतो, असे कृपा करून लिहू नये. खटला तिथे सुरू होतो.

करावे: माफीच्या साक्षीदाराचा विचार करावा.

मैत्री आणि दगा यांची एवढी कठीण गाठ दुसऱ्या कोणत्याही कायदेशीर शब्दात नाही. गुन्ह्यात सामील असलेला एक जण न्यायालयापुढे सगळे खरे सांगण्याच्या अटीवर माफी घेतो आणि बरोबरच्यांविरुद्ध उभा राहतो. आधीच जामिनावर सुटलेला नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच राहावे लागते. त्याच्या एकट्याच्या शब्दावर विसंबणे न्यायालय धोक्याचे मानते. दुसऱ्या पुराव्याचा आधार शोधते. साक्षीच्या पिंजऱ्यातून तो समोर पाहतो तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात त्याचेच मित्र उभे असतात. तो दगा देतो आहे की आयुष्यात पहिल्यांदा खरे वागतो आहे? या प्रश्नावर अख्खी कादंबरी उभी राहील.

पुण्याच्या लोकांना हे सांगावे लागत नाही. १९७६-७७ चे जोशी-अभ्यंकर हत्याकांड करणारी मुले कलामहाविद्यालयात शिकणारी मित्रमंडळी होती. त्यांनी पहिला जीव घेतला तो आपल्याच महाविद्यालयातल्या ओळखीच्या मुलाचा, खंडणीसाठी. टोळीतला एक जण माफीचा साक्षीदार झाला. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. ‘माफीचा साक्षीदार’ या नावाचा चित्रपटही १९८६ मध्ये आला.

टाळावे: खऱ्या घटनेतल्या मृतांच्या घरात शिरणे.

वरची घटना लिहिताना माझा हात जड झाला. त्या घरांतली माणसे, नातेवाईक, शेजारी अजून या शहरात राहतात. खऱ्या प्रकरणातून रचना घ्यावी: टोळी कशी जमते, पहिला गुन्हा दुसऱ्याला कसा जन्म देतो, भीती कशी फुटते. पण गल्ली, घराची मांडणी, मृताचे शेवटचे शब्द यांतले काही घेऊ नये. नाव बदलले म्हणजे झाले, असे मानू नये. आईने ते पान वाचले तर तिला तिचा मुलगा ओळखू येईल का, हा प्रश्न विचारावा. उत्तर ‘हो’ असेल तर पान फाडावे.

टाळावे, थोडक्यात:

– क्लोरोफॉर्मचा रुमाल. तो नाकाशी धरल्याबरोबर माणूस कोसळत नाही. बेशुद्धी यायला काही मिनिटे लागतात.

– डोक्यात फटका बसून तासभर बेशुद्ध राहणारा आणि मग उठून धावणारा नायक. एवढा वेळ बेशुद्ध राहिलेल्याच्या मेंदूला इजा झालेली असते.

– ऐन वेळी बॅटरी संपलेला मोबाइल. त्यापेक्षा मोबाइल चालू असू द्यावा. टॉवरच्या नोंदीवरून परिसर कळतो, नेमके घर कळत नाही; या फटीत कथा बसवावी. मित्राने संदेश वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर आले नाही, हा आजचा भीतिदायक क्षण आहे.

– जुळा भाऊ.

करावे: सूड घेणाऱ्याला काही शिकावे लागू द्यावे.

तुरुंगातून सुटला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुरून उरला, हे पटत नाही. दांतेस शातो दीफच्या कोठडीत चौदा वर्षे काढतो. आपल्याला कोणी फसवले हेसुद्धा त्याला कळत नाही. ते उलगडून दाखवतो तो शेजारच्या कोठडीतला म्हातारा पाद्री फारिया. तुझ्या जाण्याने कोणाचा फायदा झाला, असे एकेक प्रश्न विचारत आणि स्वतः डाव्या हाताने लिहून दाखवत तो दांग्लार आणि फर्नांद यांच्यापर्यंत पोचतो. आणि मग त्याला पश्चात्ताप होतो, कारण या पोराच्या मनात पूर्वी नसलेली सुडाची भावना आपण रुजवली, हे त्याला कळते. नंतर तो त्याला भाषा, गणित, इतिहास शिकवतो. म्हणजे एका मैत्रीच्या दग्याला उत्तर द्यायचे बळ दुसऱ्या मैत्रीतून येते. हस्तलिखितांत मला ही दुसरी मैत्रीच सापडत नाही. सूड घेणारा नेहमी एकटा, दाढी वाढलेला, पावसात उभा.

जाता जाता: या फारियाचे नाव आपल्या शेजारचे आहे. कादंबरीतला पाद्री इटालियन आहे, पण ज्याच्यावरून नाव आले तो आबे फारिया गोव्यातल्या कांदोळीत १७५६ साली जन्मला. संमोहन हे सूचनेच्या बळावर चालते, चुंबकी द्रवाने नव्हे, असे त्याने पॅरिसमध्ये मांडले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला तो पुतळा १९४५ मध्ये उभारला गेला. थरारकथा लिहिणाऱ्याने एकदा त्याच्यासमोर उभे राहावे. पुढे झेपावणारी ती बोटे आणि खाली कलंडणारी ती स्त्री पाहिली की शब्दाने माणसाला कसे पाडता येते, ते कळते.

टाळावे: बिनचूक सूड.

तीन शत्रू, तीन मरणे, हिशेब चुकता, अशा कथा मी बाजूला ठेवतो. सूड ठरवलेल्या माणसापाशी थांबत नाही. पुढे काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो बनलेल्या दांतेसच्या डावपेचांतून, त्याला तुरुंगात धाडणाऱ्या सरकारी वकील व्हिलफोरच्या घरात विषप्रयोग होत जातात आणि शेवटी त्याच्या बायकोने स्वतःबरोबर आपल्या लहान मुलालाही विष दिलेले असते. काउंट त्या मुलाला शुद्धीवर आणायची धडपड करतो, पण उशीर झालेला असतो. इतकी वर्षे आपण देवाचे काम करतो आहोत असे मानणारा तो माणूस तिथे पहिल्यांदा डगमगतो.

द्रोणांनीही शिष्यांकरवी द्रुपदाला बांधून आणले, अर्धे राज्य घेतले आणि आता आपण बरोबरीचे झालो असे सांगितले. त्यांच्या मते सूड पूर्ण झाला होता. द्रुपदाने मात्र द्रोणांना मारणारा मुलगा व्हावा म्हणून यज्ञ केला. धृष्टद्युम्न जन्मला, आणि त्याला अस्त्रविद्या शिकवली ती द्रोणांनीच. युद्धाच्या पंधराव्या दिवशी द्रोणांच्या हातून द्रुपद पडला आणि त्याच दिवशी धृष्टद्युम्नाने द्रोणांचे मस्तक उडवले. मग युद्धाच्या शेवटी ती रात्र आली. पिठाच्या पाण्याला दूध समजून नाचलेला मुलगा आता मोठा झाला होता. तो पांडवांच्या झोपलेल्या शिबिरात शिरला. धृष्टद्युम्न शस्त्राने मारण्याची विनवणी करत होता आणि अश्वत्थाम्याने त्याला लाथांनी ठार केले.

करावे: दोन्ही घरांतल्या बायकांना सगळे माहीत असू द्यावे.

मित्राच्या आईने वाढलेले जेवण, ‘काकू, अजून एक भाकरी’ म्हणून मागून घेतलेले, हे मैत्रीतले सर्वांत घट्ट बंधन. दगा देणाऱ्याला एकदा तरी त्या स्वयंपाकघरात परत पाठवावे. काकूंना सगळे कळले आहे. त्या काही बोलत नाहीत. ताट मांडतात, भाकरी वाढतात आणि समोर बसून तो खातो का ते पाहत राहतात. हा प्रसंग लिहिताना संवाद तीन ओळींच्या वर जाऊ देऊ नये.

टाळावे: शेवटच्या प्रकरणात निरीक्षकाने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून खुलासा करणे. या प्रकारच्या कथेत ‘कोणी केले’ हे कळून फारसे काही उरत नाही. वाचकाला त्या दोघांना पुन्हा एकदा समोरासमोर पाहायचे असते. तेवढी भेट द्यावी, कोर्टाच्या व्हरांड्यात, एसटीच्या फलाटावर, कुठेही. कोणत्या नावाने कोण कोणाला हाक मारतो, तेवढे लिहावे आणि पेन खाली ठेवावे.